साडेतीनच्या आत

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी खारघरहून अबोलीचा फोन. "बाबा, घेतलं का काही?" मी म्हटलं, अभ्यास चालू आहे. "शेअरचं खातं उघडून अकरा महिने झाले. कलेक्टर व्हायचंय का?" असं म्हणून हसली. लेकीने बापाची थट्टा करावी, माझी हरकत नाही. पण मी चौतीस वर्षं तुर्भ्याच्या केमिकल कारखान्यात स्टोअरकीपर होतो. प्रत्येक मालाची एक किमान पातळी असते आणि तेवढा माल आल्याशिवाय गोदाम सुरू करायचं नसतं, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. शेअरसाठी ती पातळी मी दोन लाख धरली आहे. मागच्या जानेवारीत एक लाख धरली होती, मे महिन्यात दीड. जसजसं वाचत गेलो तसतसा आकडा वाढत गेला.

दुपारी मासळी आणायला गेलो. आम्ही नेरुळला राहायला आलो तेव्हापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, आमची मासळी पुतळाबाईंकडूनच येते. त्या जवळच्याच सारसोळे कोळीवाड्यातल्या. कोलंबी निवडता निवडता मध्येच म्हणाल्या, "भाऊ, ते शेर घ्याला कवरं पैशे लागतान?"

मी गंभीरपणे सांगितलं, "निदान दोन लाख."

"दोन लाखान तं मी होरी घेन, खाडीन न्याला," असं म्हणून त्यांनी कोलंबी तोलली. मग जरा हळू आवाजात, "तीन हजारान नाय जमत?"

मी विचारलं, हे मध्येच कुठून आलं? तर गुडघे. डॉक्टरांनी सांगितलंय की पुढच्या दिवाळीपर्यंत कसंबसं निभेल, पुढे बाजारात जमिनीवर बसणं नाही आणि पहाटे माल आणायला धक्क्याला जाणाऱ्या टेम्पोत चढणं नाही. त्यांचे यजमान धर्मा आता खाडीत फारसे जात नाहीत. मुलगा प्रितेश कामोठ्याला असतो, त्याचा संसार त्याला. "पोरापुढं हात नको पसराया. मी घरान बसलेली असतान कायतरी वाढत रायला पायजे," म्हणाल्या.

घरी येऊन अरुणाला सांगितलं. तिने विचारलं, "तीन हजारांनी जमतं की नाही?"

"जमतं. शंभरनेही जमतं. पण तत्त्व म्हणून..."

"मग नाही कशाला म्हणालात?" एवढं बोलून ती कोलंबी सोलायला बसली. या बाईला तत्त्वाची चाड नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घरोघर घट मांडलेले, त्यामुळे मासळी बाजारात चिटपाखरू नाही. पुतळाबाईंना सबंध दिवस मोकळा मिळाला आणि त्या सरळ आमच्याकडे आल्या. आमची सिडकोची जुनी इमारत, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. प्रत्येक पायरीला त्यांचं "आई गं" वर ऐकू येत होतं.

पॅनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून आणलं होतं. फोनही स्वतःचा, गिऱ्हाईक पैसे स्कॅन करतं तोच. फक्त ॲपवरचं इंग्रजी वाचता येत नाही. मी त्यांचं डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं, खातं उघडून दिलं आणि ते माझ्या फोनवरूनही चालेल असं केलं. फोटो काढताना त्यांनी पदर सारखा केला आणि कपाळाला कुंकू लावायला अरुणाकडे आरसा मागितला. मी म्हटलं, लग्नाचा फोटो नाही हा. त्या म्हणाल्या, "म्हनून काय झालं?"

नॉमिनी कोण, असं ॲपने विचारलं. त्यांनी थोडा विचार करून नवऱ्याचं नाव सांगितलं. "तो माज्या आधी जाईल, तरी पन त्याचाच लिवा. रागवंल नायतं."

सोमवार, १ डिसेंबर

पुतळाबाईंनी आज पहिले शेअर घेतले. कंपनी त्यांनीच निवडली, रंग बनवणारी. का, तर सारसोळ्यात दर वर्षी होड्या रंगतात आणि गेली दहा वर्षं डबा त्याच कंपनीचा येतो. नफा, कर्ज, ताळेबंद वगैरे मी समजावू लागलो तर म्हणाल्या, "होरीचा रंग टिकतो, तं कंपनी पन टिकंल." सकाळी साडेनऊला सहा शेअर आले. एकूण तीन हजारांच्या आतबाहेर.

मी त्यांना सांगितलं, आता पाच-सात वर्षं बघायचंही नाही. त्यांनी मान डोलावली.

दुपारी तीनला दार वाजलं. पुतळाबाई, धापा टाकत. "भाऊ, बाजार साडेतीनला बंद होते ना? इका."

"काय विकू?"

"ते सहा."

"अहो, आज सकाळीच घेतलेत!"

"म्हनून तं. रातचा माल ठेवाचा नाय."

मी पंधरा मिनिटं समजावलं. त्या ऐकूनच घेत नव्हत्या, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. शेवटी विकले. अकरा रुपये वर मिळाले. पदरात नफा पडल्यावर अरुणाने केलेला चहा घेतला आणि आनंदाने गेल्या. दलाली आणि कर मिळून अठरा रुपये गेले, म्हणजे सात रुपये तोटा, हे मी सांगायच्या आत त्या जिन्यात पोचल्या होत्या.

बुधवार, ३ डिसेंबर

काल तेच, आज तेच. सकाळी साडेनऊला फोन, "घेवा". दुपारी तीनला स्वतः हजर, "इका". मी म्हटलं, फोनवर सांगितलंत तरी विकून देईन. पण विकताना माल डोळ्यांसमोर लागतो म्हणे.

आज जरा चढ्या आवाजातच विचारलं, की रात्रभर राहिले तर काय बिघडणार आहे? त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी उरलेला माल बघितलाव कदी? चार वाजता पापलेट पाचशेला देत नाय मी. सात वाजता तोच दोनशेला देतंय. आनि सकाली? सकाली बाई कल्ला उघरून बघते, नाक मुररते, आनि पुढच्या येलेला दुसरीकरं जाते. नुसता माल नाय जात, गिऱ्हाईक जातं. माल संपल्याबिगर माजा डोला मिटत नाय, चालीस वर्सं झाली."

मी म्हटलं, शेअरला कल्ला नसतो. अरुणा आतून खुदकन हसली. कोणाला हसली ते कळलं नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पाच दिवसांत शेअरच्या वाढलेल्या भावाने पुतळाबाईंना चाळीसेक रुपये मिळवून दिले आणि दलालीने नव्वद नेले. मी कागदावर उभं-आडवं मांडून दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "टेम्पोवाला तं रोजचं दीडशे घेतो." म्हणजे वाहतूक खर्च समजून सोडून दिलं.

माझी दुपार फुकट जाते. पावणेतीनपासून कान दाराकडे. आज अरुणाने विचारलं, "कप तीन का काढलेत?" मी म्हटलं, त्या येतील ना आता, मग पुन्हा उठायला नको. कामाची सोय बघायची माझी जुनी सवय आहे.

रविवार, ७ डिसेंबर

काल-आज बाजार बंद. दुपार फार मोठी वाटली. निवृत्त झाल्यापासून मला दुपारची झोप लागत नाही. आडवं झालं की डोक्यात आकडे सुरू होतात. पेन्शन नाही, फंडाचे पैसे आहेत ते किती वर्षं पुरतील, मी नव्वदपर्यंत जगलो तर काय, अरुणाला माझ्यामागे किती उरेल. मग उठून शेअरचं पुस्तक वाचतो. वाचलं की जरा बरं वाटतं, काहीतरी केल्यासारखं.

सोमवार, ८ डिसेंबर

पुतळाबाई आज जिन्यात मधल्या वळणावर बसूनच राहिल्या. शेजारणीने येऊन सांगितलं तेव्हा कळलं. अरुणा पाणी घेऊन धावली. वर आल्या तोवर तीन पंचवीस झाले होते. घाईघाईने विकलं, तेही बावीस रुपये खाली.

त्या गेल्यावर अरुणा म्हणाली, "तुम्ही फोन घेऊन खाली का नाही जात?"

हे मला सुचलं नव्हतं. आठवडाभर ती बाई ते गुडघे घेऊन दोन मजले चढते आहे, आणि मी वर कप मांडून बसलो होतो. लाज वाटली. वहीत लिहितानाही वाटते आहे.

बुधवार, १० डिसेंबर

कालपासून मीच तीनला सारसोळ्यात जातो. आमच्या गेटपासून सात मिनिटं. त्यांच्या ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची माझ्यासाठी टाकलेली असते. धर्माभाऊ कोपऱ्यात जाळं विणत बसतात, बोलत नाहीत. पण काल मी आलेला पाहून बिडी विझवली.

विकणं मात्र चालूच. आज मी शेवटचा उपाय म्हणून चक्रवाढीचं कोष्टक नेलं होतं, वीस वर्षांचं, पानभर. पुतळाबाईंनी विचारलं, "वीस वर्सान मी कवऱ्याची?" मी म्हटलं, ऐंशी. "तवर जगली तं सगल्यांना जेवन घालन," म्हणाल्या. आणि पुन्हा, "इका."

गुरुवार, ११ डिसेंबर

आज अरुणा माझ्याबरोबर आली. गुरुवार, तेव्हा पुतळाबाई घरीच होत्या. गप्पा चालल्या होत्या, तेवढ्यात अरुणाने सहज विचारलं, "पुतळाबाई, तुमचं सुकं कुठे ठेवता?"

"माल्यावर. पत्र्याच्या डब्यान. बोंबील हाय, जवला हाय."

"कधी विकता?"

"आता कला इकू? आता ओली मिलते, सुक्याला कोन इचारतो? पावसान होऱ्या बंद झाल्या का मंग भाव."

"म्हणजे सात-आठ महिने तसंच ठेवता? रातचा माल?"

पुतळाबाईंनी अरुणाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे.  धर्माभाऊंचे जाळ्यावरचे हात थांबले.

"हे सुकं हाय?" त्यांनी फोनकडे बोट करून विचारलं.

"हो," अरुणा म्हणाली.

"मंग भाऊ, असा सांगाचा ना! धा दिस काय ते हिशेब नि कोष्टक दाखवत बसलाव?"

मी चार पुस्तकं वाचली आहेत. त्यातल्या एकातही सुका बोंबील नाही. घरी येताना अरुणाशी बोललो नाही. तीही गाणं गुणगुणत चालली होती, त्यामुळे तिच्या लक्षात आलं नसावं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सकाळी सहा शेअर घेतले, दुपारी विकले नाहीत. पुतळाबाई ओट्यावर ताठ बसून होत्या. साडेतीन वाजले तशा एकदम म्हणाल्या, "गेला का टाइम?" गेला, म्हटलं. "आता नाय इकता येत?" आता सोमवारपर्यंत नाही. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि खाडीच्या दिशेला बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "सुक्याला पन मधनं मधनं उन दाखवाला लागते. नायतं किडा परते." मी म्हटलं, बरोबर आहे, तीन महिन्यांनी कंपनीचा हिशेब येतो, तो बघायचा. त्यांना ते पटलं. मला इतका आनंद झाला की येताना कोपऱ्यावरून जिलबी आणली. अरुणाने विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, बाजार बंद झाला म्हणून.

मंगळवार, १६ डिसेंबर

वाईट बातमी. रंगाच्या कंपनीचा भाव आज एकदम कोसळला. कच्चा माल महागला म्हणे. पुतळाबाईंचे तीन हजार दुपारपर्यंत दोन हजार सहाशे चाळीस झाले होते. मी ताट अर्ध्यावर सोडून उठलो. तीन वाजता गेलो आणि खरं ते सांगितलं. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि बाजारात जायला उठल्या. संध्याकाळची गिऱ्हाइकं यायची होती.

रात्री पुन्हा पुन्हा तेच मनात. मीच खातं उघडून दिलं. मीच ठेवा म्हटलं. विकत होत्या तेव्हा दिवसाला वीस रुपयेच जात होते.

बुधवार, १७ डिसेंबर

भाव आणखी खाली, दोन हजार पाचशे सत्तर. मी अडीचलाच निघालो. ठरवलं होतं की आज विकायला सांगायचं आणि तूट माझ्या खिशातून भरून द्यायची.

ओट्यावर कोणी नव्हतं. धर्माभाऊही नाहीत. दार नुसतं लोटलेलं. हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली.  दार ढकलून आत पाहिलं तर पुतळाबाई जमिनीवर चटईवर आडव्या, उशाला हात, तोंडावर पदर. क्षणभर मला भलतंच वाटलं. मग घोरण्याचा आवाज आला.

मी बाहेर खुर्चीवर बसून राहिलो. साडेतीन वाजून गेले. चारच्या सुमारास त्या डोळे चोळत बाहेर आल्या आणि मला पाहून ओशाळल्या.

"मासली बारालाच सपली. जेवली, जरा पाठ टेकली, तं डोला लागला."

मी म्हटलं, भाव आणखी पडलाय, आणि तुम्ही झोपलात?

"व्हय," म्हणाल्या, आणि त्यांनाच नवल वाटल्यासारख्या थांबल्या. "फोनानला माल सपला नाय आनि मी झोपली. लगीन होऊन आली तवापासना अशी दुपारची कदी झोपली नव्हती."

मी तूट भरून द्यायचं बोललो. त्या चिडल्या. पहिल्यांदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. "भाऊ, येकदा टेम्पो कलंडला तवा माजा सगला माल गटारान गेला. तुमी दिलाव पैशे? मंग आता कला? तीन हजार मी आधीच बघून ठेवलंतं. तीन हजार गेलं तरी झोप लागंल, चार गेलं तं नाय लागायची. म्हनून तीन."

मी विचारलं, "पण एवढ्याशा पैशांत तुमचं म्हातारपण कसं निघेल?"

"नाय निघाचं. मना नाय म्हाईत? दर हप्त्याला थोरा थोरा टाकीन, ते येगलं. पन पुढच्या दिवालीपासना मना नुसतं बसाचाय, भाऊ. माल परलेला असतान बसून रावाची सवय नाय मना. ती लावून घेतेय."

घरी येऊन अरुणाला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग हातातली भाजी बाजूला ठेवून म्हणाली, "तुम्हाला किती गेले तरी झोप लागेल?"

मी दोन लाख म्हणणार होतो. तोंड उघडलंही. मग खरं उत्तर मनात शोधलं. दहा हजार? नाही. हजार? नाही. पाचशे? तेही नाही. अरुणा थांबून होती, घाई करत नव्हती. सदतीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. म्हटलं, "मला भीती वाटते गं. फार वाटते. सगळं संपेल अशी."

"माहीत आहे," ती म्हणाली. "कितीचं जमेल?"

"शंभर."

"मग शंभरचा घ्या," असं म्हणून तिने भाजी पुन्हा पुढ्यात ओढली. हसली नाही, आणि त्याबद्दल मी जन्मभर तिचा ऋणी राहीन.

शुक्रवार, १९ डिसेंबर

काल दिवसभर शोधून आज सकाळी दहा वाजता एक शेअर घेतला. चौऱ्याण्णव रुपये. पाइप बनवणारी कंपनी आहे, त्यांचे पाइप आमच्या कारखान्यात होते आणि मी असेपर्यंत एकही गळला नाही. बटण दाबण्याआधी आकडा तीनदा वाचला. अबोलीला अजून कळवलेलं नाही.

अकराला बाजारात गेलो. बांगडे घेतले आणि पुतळाबाईंना हळूच सांगितलं. त्या हळू बोलणाऱ्यातल्या नाहीत. "आयो! भाऊंनी शेर घेतला!" शेजारच्या राहीबाई, बायजाबाई, सगळ्या वळून बघायला लागल्या. कोणीतरी विचारलं, कवऱ्याचा? मी म्हटलं, चौऱ्याण्णवचा. वाटलं होतं हशा पिकेल. राहीबाईंनी "बरं केलंव" म्हटलं आणि गिऱ्हाइकाला सुरमई कापून द्यायला लागल्या.

पुतळाबाईंनी माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग विचारलं, "पयला दिस ना तुमचा? तीनला मी येव तुमच्याकरं?"

म्हटलं, नको, जिना आहे. मीच येतो.

तीनला ओट्यावर गेलो. आज आमच्या दोघांचेही शेअर खाली होते. त्यांनी विचारलं, इकाचा? मी नको म्हटलं, पण फोन हातात घट्ट धरून होतो. त्यांनी तो काढून घेतला आणि आत फळीवर नेऊन ठेवला. धर्माभाऊंनी न बोलता माझी खुर्ची भिंतीला टेकवून दिली, म्हणजे मान टेकता येईल. खाडीवरून वारा येत होता. पुतळाबाई त्यांच्या बहिणीच्या लग्नातली काहीतरी हकीकत सांगत होत्या, वरातीत घोडा बिथरला तिथपर्यंत मी ऐकली.

जाग आली तेव्हा सहा वाजत आले होते. अंगावर कोणीतरी चादर टाकली होती. पुतळाबाई बाजारात निघून गेल्या होत्या. धर्माभाऊ जाळ्यावरून मान वर न करता म्हणाले, "वहिनींचा फोन आलता दोनदा. इचारलं, कुठं हायेत. पुतला बोलली झोपलेत, उठवू का? तं वहिनी बोलल्या, नको, निजू द्या. पुतला सांगत होती, त्या रडत होत्या."

अरुणा का रडली असेल, घरी आल्यावर विचारलं. म्हणाली, कांदा चिरत होते. रात्री बांगड्याचं तिखलं केलं होतं, छान झालं होतं.